लिटरला चौदा

२ फेब्रुवारी, रविवार

साडेआठ! एका लिटरला साडेआठ किलोमीटर! धाकटीने तीनदा भागाकार केला, तीनदा साडेआठच. मी म्हटलं, चौथ्यांदा कर. तर म्हणते, "आई, दम देऊन भागाकार बदलत नाही."

गाडी गळ्यात मारताना नंदई काय म्हणाले होते — "वहिनी, अठराला मरण नाही. डोळे झाकून घ्या." डोळे झाकूनच घेतली. जुन्या गाड्या इकडून घ्यायच्या, तिकडे खपवायच्या, हाच त्यांचा धंदा. पण नणंदेचा नवरा, घरचा माणूस. घरच्या माणसाला कोण विचारतं, खरं बोलताय का म्हणून!

हे मीटर वाचायला असे वाकले की जणू वाण्याच्या दुकानात तपासणीला आलेत. ह्यांचं काम तेच. दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करायचे, माप बरोबर करायचं आणि शिशाचं सील ठोकायचं. बाजारात सगळे काटेमास्तर म्हणतात. पाच ग्रॅमवरून एका वाण्याशी सहा महिने बोलत नव्हते. वहीत आकडा लिहिला, खाली रेघ मारली. एक नाही, दोन रेघा! चेहरा इतका खुलला होता — आमच्या लग्नातसुद्धा खुलला नव्हता.

चूक माझीच म्हणा. जानेवारीत गाडी दारात आली तेव्हा नणंद, नंदई, हे, धाकटी, सगळ्यांसमोर छाती ठोकून बोलले — नऊ मार्चला जेवायला या, त्या आठवड्यात लिटरला चौदा दिले नाहीत तर किल्ली मी स्वतःच्या हाताने परत देईन! कुणी विचारलं होतं? कुणीच नाही. पण ह्यांनी नाक मुरडलं आणि माझी जीभ सुटली. नंदई लगेच म्हणाले, "कबूल. पैसे जसेच्या तसे परत."

आता मी शब्द फिरवणारी बाई नाही. हीच तर पंचाईत आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद. मागचा हॉर्न वाजवून वाजवून लाल झाला. काच खाली करून विचारलं, "पेट्रोल तुमच्या खिशातून जातं का?"

५ फेब्रुवारी, बुधवार

गाडीतलं वजन उतरवलं. जादाचं चाक काढलं, जॅक काढला, पायाखालचे चटईचे तुकडे काढले. मागची सीटही काढणार होते, हे म्हणाले, "दारंसुद्धा काढ, वारा लागेल."

पेट्रोलच्या काट्याला काचेवरून माझी पडदे मापायची टेप चिकटवली आहे. अंतर मोजता येत नसेल मला, पण सूत, इंचाचा आठवा भाग, मोजता येतं. आज दीड सूत उतरला. एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्याची खिडकी मापून परत, एवढ्याला दीड सूत! पाण्यासारखं पिते मेली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काम आलं! मोठं!

शहराच्या त्या टोकाला नवीन दवाखाना होतोय, त्याच्या खाटांमधले पडदे. बावीस पडदे, जाड कापड, वर दांडे, कड्या, सगळं माझ्याकडे. मेट्रनबाईने फोन केला. आवाज माझ्यासारखाच, कापडाच्या दुकानात घासाघीस करणारा. म्हणाली, "मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लावून हवेत. वाहतूक तुमची. जमेल का नाही, एका शब्दात सांगा." मी म्हटलं, जमेल. एकच शब्द.

एकोणीस वर्षं स्कूटरच्या मागे बसून पडदे लावत फिरले. मांडीवर गठ्ठा, हातात भाल्यासारखा दांडा. हे मोकळे असतील तेव्हा माझं काम, हे नसतील तेव्हा माझी सुट्टी. हॉटेलचं काम सोडलं, शाळेच्या स्टेजचा पडदा सोडला — स्कूटरवर मावत नव्हता म्हणून. तो पडदा नंतर कुणीतरी केला, जाऊन बघून आले. खालची पट्टी वाकडी! अजून डोळ्यांपुढून जात नाही.

बावीस पडदे स्कूटरवर जात नाहीत. म्हणजे गाडी राहिली तर काम, नाहीतर मेट्रनबाईला दुसरा शब्द सांगावा लागेल.

चौदा पाहिजेत. कसेही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पंक्चर. आणि जादाचं चाक घरी, पलंगाखाली!

भर चौकात उभी. लोक बाजूने जाताना बघून हसत होते. ह्यांना फोन केला, वाटलं आता आठवडाभर ऐकावं लागणार. तर हे अर्ध्या तासात हजर. स्कूटरच्या मागच्या सीटवर चाक बांधलेलं, सुतळीने, माझ्याच कापडाच्या चिंध्या मध्ये घालून, चरे पडू नयेत म्हणून. शीळ घालत चाक बदललं. बाहीने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "चल, मी पुढे, तू मागून ये. रस्ता दाखवतो."

घरचा रस्ता! मला! पण इतके खूश त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून काही बोलले नाही. (हे मी पहिल्यांदाच केलं असेल.)

९ फेब्रुवारी, रविवार

आठ. सरळ आठ.

इंजिन बंद करून, एसी न लावता, चाक काढून आठवडाभर घामाने भिजले, आणि आकडा खाली! ह्यांनी दोन रेघा मारल्या. पट्टी घेऊन. नंदईंचा फोन आला, "वहिनी, घाई नाही हं, पण एक गिऱ्हाईक विचारतंय गाडीचं." आत्ताच! म्हणजे ह्या घरातली बातमी त्या घरात माझ्याआधी पोचते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मेकॅनिककडे नेली. पोट सुटलेला, शांत माणूस. मला शांत माणसांचा फार राग येतो. बॉनेट उघडून बघत राहिला, मग शेजारी बसला आणि म्हणाला, "ताई, चालवा जरा."

चालवली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर म्हणाला, "क्लचवर पाय झोपलाय का तुमचा?" मी म्हटलं, पाय तिथेच बरा, लागला की सापडतो. "आणि दुसऱ्यातच चालवता? तिसरा गिअर नंतर वापरायला ठेवलाय का?"

शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, गर्दीत दुसरा पुरे. गर्दी कुठे संपते ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

म्हणाला, गाडी ठणठणीत आहे. "पण शहरात आहे. दर शंभर पावलांवर ब्रेक. बारा मिळाले तर खूप समजा." मी म्हटलं, मला चौदा हवेत. तो म्हणाला, "मलाही केस हवेत." टकला आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

क्लचवरचा पाय काढला, तिसरा गिअर वापरला. तरी साडेआठ. दोन रेघा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्यात मापं घ्यायला गेले. मेट्रनबाई समोरून मापते, मी मागून. दोघींचे आकडे एकच आले. आवडली बाई.

ह्यांच्यासारखं मीटर लिहून ठेवायचं ठरवलं. घर ते दवाखाना ते घर — बावीस किलोमीटर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काहीतरी चुकतंय. पुन्हा दवाखान्यात गेले, कापडाचे नमुने दाखवायला. तोच रस्ता, तेच सिग्नल, त्याच पुलावरून गेले, त्याच पुलावरून आले. मीटर बघते तर तेरा!

सोमवारी बावीस, गुरुवारी तेरा. सुती कापड पहिल्या धुण्यात आखडतं, हे मला माहीत आहे, वारामागे दोन इंच जास्त धरते मी. पण रस्ता कसा आखडेल? रस्ता कुणी धुतला?

खिडकीचं माप दोनदा वेगळं आलं तर मी खिडकीला दोष देत नाही. टेप बघते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मेकॅनिकला म्हटलं, पोट नको बघू गाडीचं, मीटर बघ.

त्याने हात आत खुपसला, खाली कुठेतरी चाचपलं आणि हसला. चाकाचं फिरणं मीटरपर्यंत नेणारी एक तार असते म्हणे. तिचा नट सैल. कधी लागते, कधी सुटते. लागली तेवढं अंतर मोजलं जातं, बाकीचं फुकट. "स्पीडचा काटा मध्येच पडत नव्हता का, ताई?" पडत असेल. मी समोरची बस बघू का काटा बघू!

म्हणजे गाडी चालत होती आणि मोजली जात नव्हती!

मी म्हटलं, "धक्क्याने सैल झाला असेल." तो म्हणाला, "धक्क्याला दात नसतात." नटावर दात उमटलेले दाखवले. बारीक, एका ओळीत. "आमच्या पकडीचे दात एवढे बारीक नसतात. घड्याळजीच्या असतात असल्या पकडी. नाहीतर —"

नाहीतर शिशाची सीलं दाबणाऱ्याच्या. मी बोलले नाही. नट आवळून घेतला आणि घरी आले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हे रोज सकाळी गाडी पुसतात. मी महिनाभर मनात म्हणतेय, बघा, माणसाला बोलता येत नाही पण माया आहे.

आज खिडकीत नमुन्याचा दुपदरी पडदा लावला आणि मागे उभी राहिले. माया! आधी बॉनेट पुसलं. मग इकडे बघितलं, तिकडे बघितलं, बॉनेट उघडलं, खिशातून पकड काढली आणि हात खांद्यापर्यंत आत. जीभ दातांत धरून. शेजारच्या मांजराने सगळं पाहिलं, मी पाहिलं. मग कपाळ पुसून, शीळ घालत घरात आले आणि म्हणाले, "चहा झाला का?"

पाच ग्रॅमवरून सहा महिने अबोला धरणारा माणूस!

ओरडणार होते. तोंड उघडलंसुद्धा होतं. मग वाटलं, नको. ओरडणं तर रोजचंच आहे. चहात साखर मात्र घातली नाही. हे तसाच प्यायले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ते आंघोळीला गेले की मी खाली जाते, नट आवळते. धाकटीच्या सायकलची पकड घेतली आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सैल. आवळला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सैल. आवळला. हे बुचकळ्यात पडलेत. आज जेवताना विचारलं, "मेकॅनिककडे गेली होतीस का?" मी म्हटलं, "कशाला? काही बिघडलंय का?" म्हणाले, "नाही, नाही. भाजी छान झालीय." भाजी करपली होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

हे रोजचं आवळणं-सैलावणं मला झेपणार नाही, मला कामं आहेत. शिवूनच टाकलं!

जाड कॅनव्हासचा तुकडा घेतला, नटावर टोपीसारखा बसवला, चामड्याची सुई आणि मेण लावलेला दोरा, दुहेरी. मेकॅनिककडच्या गाडीखालच्या खड्ड्यात उभी राहून शिवलं, तो वर बसून चहा पीत बघत होता. "ताई, तीस वर्षांत इंजिनाला टाका घातलेला पाहिला नाही." बारीक टाका घातला, असा की गाठ कुठे आहे ते माझं मला सापडू नये. नट फिरवायचा तर दोरा कापावाच लागेल. आणि माझा टाका कोणता ते ह्या घरात सगळ्यांना कळतं. ह्यांच्या सगळ्या शर्टांची बटणं त्याच टाक्याने लावलेली आहेत.

ह्यांच्या काट्यांना सील असतं ना? घ्या. मारलं सील.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पडद्यामागून पाहिलं. बॉनेट उघडलं. हात आत गेला. थांबला. बराच वेळ तसेच वाकून उभे. मग बॉनेट मिटलं, हळूच, झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार मिटावं तसं.

टाका शाबूत आहे.

१ मार्च, शनिवार

दिवसभर दोघं एकमेकांना वाट देतोय. "जा तू." "नाही, तुम्ही." वीस वर्षांत एवढं सौजन्य ह्या घराने पाहिलं नव्हतं. धाकटीने विचारलं, "कुणी गेलंय का?"

२ मार्च, रविवार

मीटर वाचायला ते गेलेच नाहीत. वही टेबलावर तशीच. जेवण झालं, धाकटी मैत्रिणीकडे गेली, आणि मग एकदम —

"इंजिन शिवतात का कुणी?"

"नट पिळतात का कुणी?"

पाण्याचा ग्लास फिरवत बसले. मला असं थांबायला जमत नाही. म्हटलं, काय वैर आहे त्या गाडीशी, ते एकदा सांगा. पैसे माझ्या शिलाईचे. पेट्रोल माझ्या शिलाईचं. तुमचं काय गेलं?

म्हणाले, "एकोणीस वर्षं माझ्या कानाशी गिऱ्हाइकांना शिव्या घालत होतीस. कुणाची खिडकी वाकडी, कुणाची सासू खडूस, कुणी चहा विचारला नाही. सगळ्या गावाची बातमी मला स्कूटरवर कळायची. आता कुणाला घालतेस?"

मी म्हटलं, "काचा लावून एकटीच घालते."

"तेच," म्हणाले.

उठून हात धुतले. नळ उगाच बराच वेळ चालू. मग तिकडूनच, "घरी आलीस की झोपतेस."

भांडी घासली. एक ताट दोनदा घासलं.

३ मार्च, सोमवार

त्यांना म्हटलं, दवाखान्यात दांड्यांची भोकं पाडायची आहेत आजपासून, शिडी धरायला कुणीतरी लागेल, गठ्ठा सांभाळून बसावं लागेल, मजुरी मिळणार नाही.

"मला काटे आहेत," म्हणाले. मग म्हणाले, "दहानंतर मोकळा आहे."

४ मार्च, मंगळवार

हा माणूस गाडीत असह्य आहे! ह्यांच्या बाजूला ब्रेक नाही तरी पाय दाबतात. "अगं बस!" "अगं रिक्षा!" "अगं तो म्हातारा!" मी म्हटलं, म्हातारा पदपथावर आहे. म्हणाले, "उतरू शकतो."

सिग्नलला मी इंजिन बंद करायला विसरले. बोलत होते. मेट्रनबाईचं सांगत होते, तिने सुताराला कसं झाडलं ते. हे हसले तेव्हा हिरवा लागून पुन्हा लाल झाला होता. मागचे ओरडत होते. ह्यांनी काच खाली करून त्यांना सांगितलं, "थांबा जरा, गोष्ट संपू द्या!"

६ मार्च, गुरुवार

बावीसपैकी नऊ दांडे बसले. ह्यांनी प्रत्येक दांडा पाणसळ लावून तपासला. मेट्रनबाईने मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कुठून मिळाले?" मी म्हटलं, जुने आहेत.

घरी येताना लांबच्या रस्त्याने आलो. का, ते माहीत नाही. चालवत मी होते, म्हणजे मलाच माहीत असायला हवं.

८ मार्च, शनिवार

पंपावर तिघं गेलो. टाकी गळ्यापर्यंत भरली. ह्यांनी मीटर वाचलं, धाकटीने भागाकार केला. नट शिवलेला, तार लागलेली, टेप बरोबर. ह्यावेळी काही खोटं नाही.

साडेअकरा.

मेकॅनिक खरं बोलला होता. टकला बरोबर, नंदई खोटे आणि मी मूर्ख. धाकटीने पुन्हा करू का म्हणून विचारलं. नको म्हटलं. ह्यांनी वही मिटून खिशात घातली.

घरी येऊन गाडी आतून पुसली. काचेवरची टेप काढली. मेट्रनबाईला काय सांगायचं ते मनात जुळवून पाहिलं, दोनदा. दुसरा शब्द पहिल्यापेक्षा फार लांब होतोय. हे म्हणाले, "शब्दाचं काय एवढं! घरातल्या घरात तर बोललीस." मी म्हटलं, तुम्ही पाच ग्रॅम सोडता का? तर नाही. मग मी अडीच किलोमीटर का सोडू? बोलले म्हणजे बोलले. उद्या जेवणं झाली की किल्ली देणार.

९ मार्च, रविवार

जेवणं झाली. नणंद, नंदई, सगळे बसलेले. किल्ली माझ्या मुठीत होती, नंदईंचा हात अर्धा पुढे आलेला. तेवढ्यात ह्यांनी वही उघडली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "लिटरला पंधरा." धाकटीला ठसका लागला. नंदई म्हणाले, "दाखवा." ह्यांनी दाखवलं. आकडा त्यांच्या अक्षरात, खाली दोन रेघा, पट्टी घेऊन.

मी किल्ली पदराला बांधली आणि पाणी आणायला उठले.